लुथरने दिलेला प्याला तंजावरात कुणी अडवला?

पुनावळे, रावेत, देहूरोड या पट्ट्यात अभ्यासवर्ग घेताना एक प्रश्न आता हमखास येतो. ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच ना, मग कॅथलिक वेगळे, प्रोटेस्टंट वेगळे, लुथरन आणखी वेगळे, ही काय भानगड आहे? प्रश्न साधा आहे. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म का स्वीकारला नाही? आणि मग तिसरा, जरा कडवट सुरात: आपल्यातून ख्रिस्ती झालेल्यांना आता अनुसूचित जातीच्या सवलती कशाला हव्यात? हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत असे आमचे मत आहे. पहिला नीट कळला तर बाकीच्या दोहोंची उत्तरे बदलतात.

आंबेडकरी कार्यकर्त्याला लुथरशी काय देणेघेणे, असे कुणी म्हणेल. त्याने 'जातिसंस्थेचे निर्मूलन' पुन्हा उघडावे. १९३६ च्या त्या न झालेल्या भाषणात बाबासाहेब सांगतात की राजकीय क्रांतीच्या आधी सामाजिक आणि धार्मिक क्रांती व्हावी लागते, आणि पहिला दाखला देतात तो लुथरचा. युरोपातल्या माणसाच्या राजकीय मुक्तीची नांदी लुथरच्या धर्मसुधारणेने केली, असा त्यांचा मुद्दा आहे. त्याच ओघात पुढे बुद्ध आणि चंद्रगुप्त येतात, महाराष्ट्रातले संत आणि शिवराय येतात. म्हणजे लुथर आपल्या विचारविश्वात आधीच आहे. आपण तो वाचून पुढे गेलो, थांबून पाहिला नाही, इतकेच.

मार्टिन लुथर हा जर्मनीतला एक संन्यासी, विटेनबर्गच्या विद्यापीठात बायबल शिकवणारा. त्या काळी रोममध्ये सेंट पीटरचे भव्य चर्च बांधायचे होते आणि त्यासाठी पैसा हवा होता. पोपच्या नावाने पापक्षमेची पत्रे विकली जात होती. तुमच्या मेलेल्या बापाचा आत्मा शुद्धिस्थानात होरपळतो आहे, पैसे टाका, तो सुटेल. आपल्याकडे पिंडदान, गोदान, ग्रहशांती यांचे दर ठरलेले असतात, तसलाच हा धंदा. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी लुथरने या व्यवहाराविरुद्ध ९५ मुद्दे जाहीर केले. १५२१ मध्ये पोपने त्याला बहिष्कृत केले. त्याच वर्षी वर्म्सच्या दरबारात सम्राटासमोर उभे करून त्याला लिखाण मागे घ्यायला सांगितले, त्याने घेतले नाही. पुढच्या वर्षी त्याचा जर्मन नवा करार छापून बाहेर पडला. लॅटिन न येणाऱ्या चांभाराला, विणकराला, मोलकरणीला धर्मग्रंथ स्वतःच्या भाषेत वाचता यायला लागला. तुकोबांच्या गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणाऱ्या व्यवस्थेच्या गावाशेजारी राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट केवढी मोठी आहे ते वेगळे सांगायला नको.

आता फरक. कॅथलिक म्हणतात, माणसाचे तारण देवाच्या कृपेने होते, पण त्या कृपेला साथ देणारी सत्कर्मे, चर्चचे संस्कार हेही त्यात येतात. लुथर म्हणाला, तारण केवळ विश्वासाने, कर्माने ते कमावता येत नाही. कॅथलिकांना बायबल आणि चर्चची परंपरा दोन्ही प्रमाण, लुथरला प्रमाण फक्त बायबल. कॅथलिकांचे संस्कार सात, लुथरने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन ठेवले. कॅथलिकांचा पोप आहे, फादर अविवाहित असतो, पवित्र मारिया आणि संतांची विनवणी चालते. लुथरनांना पोप मान्य नाही, त्यांचा पाळक लग्न करतो, संतांकडे मागणे मागायचे नाही. लुथरने स्वतः १५२५ मध्ये मठ सोडलेल्या काथारिना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. आज बऱ्याच देशांत लुथरन स्त्रिया पाळक आणि बिशप आहेत, कॅथलिक चर्चमध्ये स्त्रीला ती दीक्षाच नाही. विश्वास की कर्म या वादावर दोन्ही चर्चनी ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबर्गमध्ये एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ज्यासाठी युरोपात रक्ताचे पाट वाहिले तो वाद कागदावर तरी बराचसा मिटला.

पण आपल्या कामाचे दोन फरक वेगळे काढून ठेवू. पहिला: लुथर म्हणाला, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस याजक आहे. देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहितांची स्वतंत्र जात नको. दुसरा प्रभुभोजनाचा. येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतला जातो. त्या काळच्या कॅथलिक रिवाजात सामान्य माणसाला फक्त भाकर मिळे, द्राक्षारसाचा प्याला एकटा धर्मगुरू पिई. लुथरने तो प्याला लोकांच्या हाती दिला. सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यायचे. ज्या समाजात पाण्याचा पेला वरून ओतला जातो, त्या समाजात ही किती स्फोटक गोष्ट आहे याची विटेनबर्गमध्ये कुणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

याचा स्फोट कसा झाला ते पाहण्याआधी लुथरच्या एका पापाबद्दल बोलले पाहिजे. आपल्याकडे त्याच्याविषयी लिहिणारे ते गाळतात.

१५२४-२५ मध्ये जर्मनीत शेतकऱ्यांचे प्रचंड बंड झाले. मेमिंगेन गावात त्यांनी आपल्या बारा मागण्या छापल्या. पाळक निवडण्याचा हक्क गावाला हवा, ही पहिली. तिसऱ्या मागणीत म्हटले होते की ख्रिस्ताने धनगरापासून राजापर्यंत सर्वांना आपले रक्त सांडून सोडवले आहे, मग आम्ही कुणाच्या मालकीचे भूदास कसे? हा लुथरचाच तर्क होता, फक्त चर्चच्या दारातून बाहेर काढून शेतावर नेलेला. लुथर काय म्हणाला? ख्रिस्ताचे स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, तुम्ही ते देहाचे करता आहात. बायबलातल्या अब्राहामाकडेही गुलाम होतेच की. पुढे बंड पेटल्यावर त्याने या शेतकऱ्यांना निर्दयपणे कापून काढा असे लिहिले. सरदारांनी कापले. मेलेल्यांचा अंदाज लाखाच्या घरात जातो. मन देवाचे, देह राजाचे, अशी दोन राज्यांची वाटणी लुथरच्या विचारात पक्की बसली. ही वाटणी लक्षात ठेवा. तीनशे वर्षांनी ती एका मराठी राज्यात आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

महाराष्ट्रात मात्र लुथरन जवळपास नव्हतेच. हे स्पष्ट करायला हवे, कारण आपल्याकडे प्रत्येक बिगर-कॅथलिकाला लुथरचा माणूस समजतात. नगरला १८३१ पासून काम करणारे अमेरिकन मराठी मिशन प्रोटेस्टंट, पण त्यांची परंपरा कॅल्विनच्या वळणाची. पुण्यात जोतीरावांना शिकवणारे स्कॉटिश मिशनही त्याच वळणाचे. यातले बरेच पंथ १९७० मध्ये नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, लुथरन त्यात गेले नाहीत. कॅथलिक जेझुइट नगर जिल्ह्यात १८७८ मध्ये, दुष्काळाच्या पाठोपाठ, राहुरी तालुक्यातल्या केंदळला आले. नगरकडची जी ख्रिस्ती कुटुंबे आपल्या भागात कामाला आली त्यांची भाषा ऐकली की कोण कुठला ते कळते. एकाच्या तोंडी फादर, मिस्सा आणि हरेगावची मतमाउली. दुसऱ्याच्या तोंडी पाळक, उपासना आणि प्रभुभोजन. हरेगावच्या यात्रेला लाखोंनी माणसे जातात आणि नवस बोलतात. नवस फेडायला आपली बौद्ध मंडळीही तिथे दिसतात, त्यावर एकदा स्वतंत्र लिहू.

मराठी माणसाची आणि लुथरनांची खरी गाठ पडली ती तंजावरात. व्यंकोजी भोसल्यांनी सतराव्या शतकात उभे केलेले ते राज्य. दरबारात मराठी, रयत तमिळ. त्याच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी हे डॅनिश लोकांचे बंदर. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले दोन जर्मन लुथरन, झीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाव, १७०६ मध्ये तिथे उतरले. भारतातले हे पहिले प्रोटेस्टंट मिशन. झीगेनबाल्गने लुथरचाच कित्ता गिरवला: तमिळ शिकला, छापखाना आणला, नवा करार तमिळमध्ये छापला.

त्या छापील पुस्तकाने एका माणसाचे आयुष्य बदलले. राजनायकन त्याचे नाव. परैयार, म्हणजे तमिळ प्रदेशातला आपला भाऊ, तंजावरच्या मराठा राजाच्या सैन्यात शिपाई. घराणे कॅथलिक. तमिळ नवा करार त्याच्या हाती पडला, त्याने तो वाचला, आणि कॅथलिक चर्च सोडून तो लुथरनांकडे आला. पुस्तक वाचून माणूस जागा होतो हा लुथरचा सिद्धांत इतक्या शुद्ध रूपात क्वचितच सिद्ध झाला असेल. तो उपदेशक झाला, तंजावरच्या मुलखात त्याने वर्षानुवर्षे काम केले, मंडळ्या उभ्या केल्या. भारतीय पाळकांना दीक्षा देण्याची वेळ आली. १७३३ मध्ये आरोन या वेल्लाळराला पहिली दीक्षा मिळाली. त्यानंतरच्या दीक्षाही दुसऱ्यांना गेल्या. राजनायकनचे नाव चर्चेत आले, लायकीबद्दल कुणाला शंका नव्हती. पण परैयाराच्या हातून वेल्लाळर प्रभुभोजन घेणार नाहीत, असे कारण पुढे आले. तो मरेपर्यंत उपदेशकच राहिला.

प्रत्येक विश्वासणारा याजक आहे, हे लुथरचे वाक्य. आणि परैयार याजक होऊ शकत नाही, हा लुथरनांचा व्यवहार. कुठल्या कॅथलिक पोपने ही आडकाठी घातली नव्हती.

चर्चमध्ये बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. प्रभुभोजनाला आधी वेल्लाळर पुढे येत, त्यांचे झाले की परैयार. प्याला एकच, पण ओठ लावण्याचा क्रम ठरलेला. क्रम उलटा झाला तर विटाळ. लुथरने धर्मगुरूच्या हातून सोडवून लोकांना दिलेला प्याला तंजावरात पुन्हा अडवला गेला, आणि अडवणारेही लुथरचेच अनुयायी होते.

याच तंजावरात श्वार्ट्झ नावाचा लुथरन मिशनरी राहिला. १७५० मध्ये भारतात आलेला, तमिळ, फारसी, मराठी जाणणारा, राजे आणि इंग्रज दोघांच्याही विश्वासातला. तुळजाराजाने मरताना दत्तक मुलगा सरफोजी याला श्वार्ट्झच्या हवाली केले. ग्रंथालयासाठी, वैद्यकासाठी, देवनागरी छापखान्यासाठी आपण ज्या सरफोजीराजांचे कौतुक करतो ते या लुथरनाचे शिष्य. तंजावरच्या चर्चमध्ये राजांनी गुरूचे संगमरवरी शिल्प बसवले, त्यात मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात सरफोजींनी धरला आहे. आमचा त्या शिल्पाला विरोध नाही. पण राजाने गुरूचा हात धरल्याचे शिल्प होते, आणि त्याच मंडळीत परैयाराच्या हातची भाकर चालत नव्हती, हे दोन्ही एकाच वेळी पाहिले पाहिजे.

श्वार्ट्झचा दुसरा प्रसिद्ध शिष्य वेदनायकम शास्त्री, वेल्लाळर ख्रिस्ती, थोर तमिळ कवी, सरफोजींच्या दरबारातला. १८२० च्या दशकात तंजावरच्या मंडळ्या इंग्रजी अँग्लिकन संस्थेकडे गेल्या आणि नव्या मिशनऱ्यांनी सर्वांनी एकत्र बसावे, एकत्र प्रभुभोजन घ्यावे असा आग्रह धरला, तेव्हा या कवीने १८२९ मध्ये त्याविरुद्ध लिहिले. बायबलचे भाषांतर बदलणे, सणातली फुले बंद करणे, तमिळ पदे बंद करणे, आणि जातींना प्रभुभोजनात एकत्र आणणे, हे सारे त्याने एका माळेत बसवून जुलूम ठरवले. पहिल्या तीन तक्रारी संस्कृतीच्या आहेत, त्यांबद्दल आपल्याला सहानुभूती वाटू शकते. गोऱ्या मिशनऱ्यांचा उद्दामपणा खोटा नव्हता. पण चौथी तक्रार त्याच थाळीत वाढून येते. संस्कृती वाचवा असे म्हणताना जात कशी वाचवली जाते, याचा हा दोनशे वर्षांपूर्वीचा नमुना आजही उपयोगी आहे. सोसायटीत फक्त शाकाहारी भाडेकरू हवेत म्हणणारे पुनावळ्याच्या टॉवरमध्येही भेटतात, तेही संस्कृतीच म्हणतात.

१८३३ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी फर्मान काढले: चर्चमध्ये जात चालणार नाही, ती पूर्णपणे आणि ताबडतोब सोडा. तंजावर आणि मद्रासच्या वेपेरीत वेल्लाळर मोठ्या संख्येने चर्चमधून उठून गेले. त्यांना आसरा कुणी दिला? जर्मनीतून नव्याने आलेल्या लाइपझिगच्या लुथरन मिशनने. त्यांचे प्रमुख कार्ल ग्राउल १८४९ ते १८५३ या काळात प्रवास करून भारत पाहून गेले. विद्वान माणूस, तमिळचा अभ्यासक. त्यांचा निष्कर्ष असा की जात ही सामाजिक व्यवस्था आहे, धार्मिक नव्हे. चर्चने ती जबरदस्तीने मोडायला जाऊ नये, सुवार्तेच्या प्रभावाने ती हळूहळू विरेल. १८५० मध्ये मद्रासच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी मिळून जातीचा निषेध केला, तेव्हा लाइपझिगवाले त्यात सामील झाले नाहीत.

आता १५२५ आठवा. भूदासाला सांगितले होते, तुझे स्वातंत्र्य आत्म्याचे आहे. परैयाराला तेच सांगितले गेले. आत्म्याने तू वेल्लाळराचा भाऊ, देहाने मात्र मागच्या चटईवर बस. ग्राउल दुष्ट नव्हता. तो नीट लुथरन होता, आणि आमच्या मते अडचण तिथेच आहे.

मग कॅथलिक बरे होते का? तेही पाहू. रोमच्या एका सरदार घराण्यातला जेझुइट रॉबर्ट दे नोबिली १६०६ मध्ये मदुरेत आला. ब्राह्मणांना ख्रिस्ती करायचे तर ब्राह्मणांसारखे राहिले पाहिजे असे त्याने ठरवले. भगवी वस्त्रे, जानवे, शेंडी, शाकाहार, आणि खालच्या जातींशी संपर्क वर्ज्य. तक्रार रोमपर्यंत गेली. १६२३ मध्ये पोपने निकाल दिला की जानवे, शेंडी, गंध या खुणा सामाजिक मानून चालू द्याव्यात. पुढे जेझुइटांनी मिशनऱ्यांचेच दोन वर्ग केले. ब्राह्मण आणि वरच्या जातींसाठी संन्यासी वेशातले, शूद्र-अतिशूद्रांत फिरणारे पंडारस्वामी वेगळे. म्हणजे धर्मगुरूलाच वर्ण चिकटला.

तिरुनेलवेलीकडच्या वडक्कनकुळम गावात एकोणिसाव्या शतकात कॅथलिकांनी चर्च बांधले ते दोन पायांच्या विजारीसारखे. एका भागात वेल्लाळर, दुसऱ्यात नाडार, दोन्ही भाग वेदीपाशी मिळतात. फादरला दोन्ही दिसणार, माणसांना एकमेक दिसणार नाहीत. भिंत पडायला १९१० उजाडले. गोव्यात तर बामण, चारडो, सुदिर या जाती ख्रिस्ती नावांनिशी नांदल्या, चर्चमधली मानाची मंडळे जातवार राहिली. आणि हे सारे इतिहासजमा झाले असे म्हणायचीही सोय नाही. तमिळनाडूतल्या इरैयूरला २००८ मध्ये दलित कॅथलिकांनी आपला वेगळा पॅरिश मागितला म्हणून वण्णियार कॅथलिक त्यांच्यावर धावून गेले, पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितविषयक धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता असल्याचे लेखी कबूल केले. हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला २०२२ मध्ये कार्डिनल झाले, ते या पदावर पोचलेले पहिले दलित.

दोन वाटा अगदी उलट दिशेने निघाल्या होत्या. एक परंपरेला मान देणारी, उतरंडीची. दुसरी उतरंड मोडायला निघालेली. दोघी येऊन थांबल्या एकाच वाक्यावर: जात ही सामाजिक बाब आहे, धर्माची नाही. बाबासाहेबांनी आयुष्यभर ज्या वाक्याशी झुंज घेतली ते हेच. हिंदू सुधारक म्हणत, जात ही रूढी आहे, धर्म शुद्ध आहे. बाबासाहेब म्हणत, जात धर्मशास्त्रात आहे, तिच्या मागचे पावित्र्य काढल्याशिवाय ती मरणार नाही. मिशनऱ्यांनी परक्या धर्मातून येऊन ब्राह्मणी धर्माला तेच निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र दिले.

इथे आमच्या काही मित्रांचा आक्षेप असतो, की मग सगळे ख्रिस्ती मिशन म्हणजे फसवणूकच. हे आम्हाला मान्य नाही. लुथरन आणि कॅथलिक यांची थेट गाठ पडली ती छोटानागपुरात. गोसनर मिशनचे लुथरन १८४५ मध्ये रांचीला आले, पाच वर्षांनी पहिले उराव बाप्तिस्मा घेऊन त्यांच्याकडे गेले. १८८५ मध्ये कॉन्स्टंट लिव्हन्स हा बेल्जियन जेझुइट आला. त्याने मुंडा-उरावांना धर्मशास्त्राचा वाद सांगितला नाही. जमीनदाराविरुद्ध कोर्टात कसे लढायचे, वेठबिगार कशी नाकारायची ते सांगितले, खटले उभे केले. हजारोंनी माणसे कॅथलिक झाली, त्यांत लुथरनही होते. विश्वास की कर्म, हा प्रश्न त्या माणसांनी आपल्या पद्धतीने सोडवला. चाईबासाच्या लुथरन शाळेत शिकलेला बिरसा मुंडा मात्र पुढे दोन्ही चर्चच्या बाहेर पडला. जमिनीचा प्रश्न कुठलेच चर्च पुरता सोडवणार नाही हे त्याने ओळखले.

नगर-पुण्याचेही असेच. माणसाने बायबल स्वतः वाचले पाहिजे, हा प्रोटेस्टंट आग्रह. मग त्याला वाचता आले पाहिजे, म्हणून शाळा. बाईलाही वाचता आले पाहिजे, म्हणून मुलींची शाळा. सिंथिया फरार बाईंच्या नगरच्या शाळेने जोतीरावांच्या डोक्यात ठिणगी टाकली, सावित्रीमाईंनी अध्यापनाचे प्रशिक्षण तिथे घेतले. अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध छापून आला. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, असा प्रश्न विचारणारी ती मुलगी जोतीरावांच्या शाळेतली. तिच्या प्रश्नात लुथर कुठेतरी पोचलेला आहे. पण लक्षात घ्या, तिने बाप्तिस्मा मागितला नाही, हक्क मागितला. जोतीरावांनीही मिशनऱ्यांकडून शाळा घेतली, छापखाना घेतला, पुरोहितशाहीवर कोरडे ओढण्याचे धैर्य घेतले, आणि सत्यशोधक समाज स्वतःचा काढला.

नगरच्या चर्चमध्ये वेल्लाळर नव्हते. कॅथलिक काय, प्रोटेस्टंट काय, बहुतेक माणसे महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली. त्यामुळे इथे भिंत सवर्ण आणि अस्पृश्य यांच्यात पडली नाही, ती महार आणि मांग ख्रिस्त्यांमध्ये राहिली. एकाच महारवाड्यात दोन चर्च उभी राहिली, एक फादरचे, एक पाळकाचे. गावकीच्या लेखी दोन्हीकडचे महारच. हे लिहिताना आमच्या विहारांत मातंग समाजातले किती जण येतात हा प्रश्न आम्हाला टोचतो, तो वाचकांनाही टोचावा.

बाबासाहेबांनी हे सर्व पाहिले होते. १९३५ ची येवल्याची घोषणा झाल्यावर मेथडिस्ट बिशप बॅडली यांनी स्वागत केले, मिशनऱ्यांची ये-जा सुरू झाली. १९३८ च्या जानेवारीत सोलापुरात ख्रिस्ती मंडळींपुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्याला मोहवले असे सांगितले, आणि लगेच तोंडावर हेही सांगितले की दक्षिणेत तुमच्या चर्चमध्ये जात आहे, आणि शिकून मोठे झालेले ख्रिस्ती अन्यायाविरुद्ध लढायला उतरत नाहीत. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याच्या स्थितीवर त्यांनी पुढे सविस्तर लिहिले, ते इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात आहे. त्यांचा प्रश्न बायबल काय म्हणते हा नव्हता. धर्मांतरानंतर माणसाचे गावातले स्थान बदलले का, त्याच्या आत बंड पेटले का, हा होता. आत्म्याचे स्वातंत्र्य आणि देहाची गुलामी अशी वाटणी करणारा कुठलाही धर्म त्यांना चालणार नव्हता. बुद्धाकडे आत्माच नाही, त्यामुळे ती पळवाटही नाही! आम्ही हे विनोदाने म्हणतो, पण पूर्ण विनोदाने नाही. २५ डिसेंबर १९५४ ला, ऐन नाताळात, त्यांनी आपल्या शेजारच्या देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला महाडला मनुस्मृती जळाली होती. त्या दिवशी देहूरोडला जमलेल्यांपैकी अनेकांचे नातलग नगरकडे ख्रिस्ती झालेले असणार.

आता तो तिसरा, कडवट प्रश्न. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये मोठ्या लढ्यानंतर आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. कारण काय सांगतात? ख्रिस्ती धर्मात जात नाही. नीट ऐका, हेही ग्राउलचेच वाक्य आहे, फक्त दुसऱ्या टोकाने धरलेले. जात धर्मात नाही म्हणून चर्चने ती मोडली नाही, आणि जात धर्मात नाही म्हणून सरकार तिची भरपाई देत नाही. राजनायकनला परैयार म्हणून पाळक होऊ दिले नाही. त्याच्या वंशजाला आज तहसील कार्यालय सांगेल की तू ख्रिस्ती आहेस, म्हणून तू परैयार नाहीस.

आपल्यातले काही तरुण म्हणतात, आधीच जागा कमी, त्यात वाटेकरी कशाला. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. चाकण-तळेगावच्या कंत्राटी कामगाराला, स्पर्धा परीक्षेची चौथी खेप देणाऱ्याला ती खरी वाटते. पण हाच युक्तिवाद १९९० आधी आपल्याविरुद्ध वापरला जात होता: धर्म बदलला, जात गेली, सवलत कसली? तेव्हा जे खोटे होते ते आता खरे कसे होईल? रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्राने न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमला. आमची मागणी दोन भागांची आहे आणि दोन्ही भाग एकत्रच मांडायचे आहेत: दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिमांचा समावेश करा, आणि त्यांच्या लोकसंख्येइतका टक्का वाढवून करा, आहे त्या ताटातला घास तोडून नव्हे. आपल्या भागातल्या संघटनांनी हे निवेदन तयार करताना नगरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनाही बैठकीला बोलवावे, फादरच्या मंडळीतल्यांना आणि पाळकाच्या मंडळीतल्यांना, दोघांनाही.